डब्याचे पंधरा

मराठीचा प्राध्यापक घरात असला म्हणजे त्याचा नेमका उपयोग काय, हा प्रश्न आमच्या घराण्यात गेली 20 वर्षे अनुत्तरित पडला होता. लग्नपत्रिकेतले ऱ्हस्वदीर्घ तपासावेत, नव्या बाळाला चारचौघांत न आढळणारे नाव सुचवावे आणि कोणी वारले की शोकसभेत दोन शब्द बोलावेत, यापलीकडे माझी कोणाला कधी गरज भासली नाही. त्यामुळे गेल्या वर्षी श्रावण सरता सरता माझ्या पुतण्याचा फोन आला आणि "काका, तुमच्यावाचून काम अडलंय" असे तो म्हणाला, तेव्हा मी हातातल्या उत्तरपत्रिका बाजूला सारल्या आणि दुसऱ्याच दिवशी दादाच्या घरी हजर झालो.

काम अडले होते ते असे. माझ्या वहिनींचा दिवाळीच्या फराळाचा व्यवसाय आहे. 22 वर्षांपूर्वी स्वयंपाकघरातल्या एका शेगडीवर त्यांनी तो सुरू केला. आज पुण्यातल्या त्यांच्या घरामागे पत्र्याची लांबलचक शेड आहे, हंगामात आठ-दहा बायका कामाला असतात आणि नवरात्र संपले की त्यांच्या भाजणीच्या चकल्या अमेरिकेतल्या भाच्या-पुतण्यांकडे रवाना होऊ लागतात. इतकी वर्षे या साऱ्याचा हिशेब दोन ठिकाणी असे. एक लाल कापडी बांधणीच्या वहीत आणि दुसरा वहिनींच्या डोक्यात. पुतण्याने वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि माल किती आला, किती खपला, किती उरला हे सांगणारा एक तयार प्रोग्रॅम विकत आणून संगणकावर बसवला. तो प्रोग्रॅम चालू करताच त्याने पहिलाच प्रश्न विचारला: तुम्ही माल कशात मोजता?

पुतण्याने आईची वही उघडली आणि कपाळाला हात लावला. वहीत लिहिले होते, 'तांदूळ 4 मापटी, चणाडाळ 2 मापटी, उडीदडाळ 1 मापटे, धने 1 कोळवे.' काही ठिकाणी ओंजळ होती, काही ठिकाणी पळी होती आणि एका पानावर तर नुसतेच 'बेताने' असे लिहिले होते. आता मापटे आणि कोळवे म्हणजे काय, हे सांगायला मराठीच्या प्राध्यापकाखेरीज दुसरे कोण येणार?

खरे सांगायचे तर मला मनातून फार आनंद झाला. वर्गात 'पायलीचे पंधरा अन् अधोलीचे सोळा' ही म्हण शिकवताना मुलांच्या चेहऱ्यावरची रेषाही हलत नाही. इथे एक वाणिज्य पदवीधर वही-पेन घेऊन माझ्या तोंडाकडे पाहत होता. मी घसा साफ केला आणि सांगू लागलो. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे आणि दोन मापट्यांचा एक शेर. दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली, बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. मणाच्या खालची सगळी उतरंड दुपटीची. ज्याला आकडेमोड येत नाही, त्यालाही अर्धे करता येते आणि दुप्पट करता येते. ज्याने कोणी ही उतरंड रचली, त्याला बाजारातल्या अडाण्याची काळजी होती, असे मला नेहमी वाटत आले आहे.

त्या प्रोग्रॅमलाही ती उतरंड आवडली असावी. त्याची रीत अशी की आधी एक मूळ एकक सांगायचे, मग जोड-एकक सांगायचे. म्हणजे पहिल्या रकान्यात 'शेर', दुसऱ्यात '2' आणि तिसऱ्यात 'मापटे'. एवढे भरले की पुढचे गुणाकार-भागाकार तो आपण होऊन करतो. दशांश चिन्हापुढे किती आकडे चालतील हेही प्रत्येक एककाला सांगावे लागते. पुतण्याने घाईत 'नग' या एककालाही दोन आकडे देऊन ठेवले होते, त्यामुळे पहिल्याच चाचणीत आमच्याकडे अनारसे 2.50 नग शिल्लक निघाले. वहिनी म्हणाल्या, "अर्धा अनारसा यानंच खाल्ला असेल."

या अपूर्णांकांवरून मला वडिलांनी सांगितलेली एक गोष्ट आठवली. 1 एप्रिल 1957 ला नवे पैसे आले. 16 आण्यांचा रुपया 100 नव्या पैशांचा झाला. आता एका आण्याचे होतात सव्वासहा पैसे आणि सव्वा पैसा कोणाच्या खिशात असणार? म्हणून तक्ता निघाला. एक आणा म्हणजे 6 पैसे, दोन आणे म्हणजे 12, तीन आणे म्हणजे 19 आणि चार आणे म्हणजे 25. वडील तेव्हा शाळकरी होते. ते म्हणत, तीन आणे एकदम मोडले तर 19 पैसे आणि तीन वेळा एकेक आणा मोडला तर 18. मधला एक पैसा कुठे जातो, या विचाराने मला रात्री झोप येत नसे. मी ही गोष्ट रंगवून सांगितली. पुतण्याने 'नग'पुढचे दशांश काढून टाकले आणि म्हणाला, "काका, आता मुख्य सांगा. एका मापट्याचे ग्रॅम किती?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होते आणि उत्तरही तयार होते. शेर म्हणजे 80 तोळे. तोळा 11.66 ग्रॅमचा; सराफाकडचा आजचा 10 ग्रॅमचा तोळा ही अलीकडची सोय. तेव्हा शेर झाला 933 ग्रॅमचा, आणि मापटे त्याच्या निम्मे, म्हणजे साडेचारशेहून थोडे अधिक. मी आकडा सांगितला. पुतण्याने टंकलेखनासाठी बोटे उचलली, तेवढ्यात वहिनी हसू लागल्या.

"भावोजी, मापटं कशाचं? पोह्यांचं की तांदळाचं?"

मी गप्प झालो. माझ्याच शास्त्रात मी नापास झालो होतो. शेर दोन असतात. एक तराजूतला आणि एक मापातला. तराजूतल्या 40 शेरांचा मण होतो. मापातल्या मणाचे शेर मोजा, बारा चोक अठ्ठेचाळीस भरतात. एवढ्यावर भागले असते तरी चालले असते. पण इंग्रजांच्या अमदानीत मुंबईच्या बाजाराचा मण 28 पौंडांचा, म्हणजे आजच्या हिशेबाने 13 किलोंच्याही आत होता आणि सरकारी मण 37 किलोंच्या वर होता. कोणी 'मणभर' म्हणाले की आधी कोणत्या गावचा मण, असे विचारावे लागे. या सगळ्या गोंधळावर उपाय म्हणून 1956 साली वजनमापांचा कायदा झाला आणि 1958 पासून टप्प्याटप्प्याने किलो आणि लिटर आले. बाजारातून शेर गेला, पायली गेली. राहिली ती म्हणींमध्ये आणि वहिनींच्या वहीत.

मग आम्ही शहाण्यासारखे केले. आमच्या आजीचे पितळी मापटे वहिनींनी जपून ठेवलेले होते. ते पुढ्यात घेतले, शेजारी विजेचा काटा मांडला आणि एकेक जिन्नस भरून तोलू लागलो. भरायचे आणि वरून बोटाने सपाट करायचे काम मावशी करीत होत्या.

मावशींविषयी आधी सांगायला हवे होते. त्या वहिनींकडे 18 वर्षांपासून आहेत. भांडी घासायला म्हणून आल्या आणि हळूहळू कढईपाशी पोचल्या. चकलीचे पीठ हाताला कसे लागले पाहिजे, हे वहिनींच्या खालोखाल त्यांनाच कळते. कोठीच्या खोलीची किल्ली त्यांच्या कमरेला असे. सकाळी सहाला त्या खोली उघडीत आणि रात्री शेवटची परात धुऊन झाली की बंद करीत.

तर त्या दिवशी आजीच्या मापट्यात तांदूळ 400 ग्रॅमच्या वर गेले, बेसन 300 च्या आत राहिले आणि पातळ पोह्यांनी 100 सुद्धा गाठले नाहीत. माप तेच, भरणारा हात तोच, पण प्रत्येक वेळी काटा निराळे बोलत होता. मी प्रत्येक जिन्नसापुढे त्याचा त्याचा आकडा लिहून घेत होतो. मावशी मध्येच एवढेच म्हणाल्या, "भाऊ, तांदूळ नवा का जुना तेपण लिहा." मी हसलो, लिहिले मात्र नाही. त्यासाठी प्रोग्रॅममध्ये रकाना नव्हता.

दुपारपर्यंत बहुतेक काम उरकले. तांदळाच्या कट्ट्यापाशी मी विशेष सावधगिरी दाखवली. जुलै 2022 मध्ये 25 किलोंपर्यंतच्या बांधीव धान्यावर कर आला, तेव्हापासून बाजारात 26 किलोंचे कट्टेही दिसू लागले आहेत, हे मी वर्तमानपत्रात वाचले होते. म्हणून 'कट्टा बरोबर 25' असे आंधळेपणाने न लिहिता आम्ही पोत्यांवरचे छाप वाचून दोन वेगळे कट्टे नोंदले. माझे मलाच कौतुक वाटले. वस्तू व सेवा करासाठी प्रत्येक एककाला सरकारी यादीतले एक नाव जोडावे लागते. 2017 पासून लागू असलेल्या त्या यादीत पिशवी आहे, पेटी आहे, डझन आहे, ग्रोस आहे. मापटे अर्थातच नाही. यादीत शेवटी 'इतर' म्हणून एक जागा आहे. माझ्या आजीचे मापटे, चिपटे आणि कोळवे आम्ही त्या 'इतर'मध्ये बसवले आणि जेवायला उठलो.

उठता उठता पुतण्या म्हणाला, "तेल राहिलं, काका. तेल वापरताना किलोत तोलणार आहोत आणि येतं डब्यानं. डब्यात किती?"

"पंधरा," मी म्हणालो.

दादाही म्हणाला, "पंधराच." पंधराचा डबा, असेच आपण सगळे म्हणतो. पुतण्याने पहिल्या रकान्यात 'डबा' लिहिले, दुसऱ्यात '15' आणि तिसऱ्यात 'किलो'. मावशी तिथेच दाराशी बसून मापटे चिंचेने घासत होत्या. त्यांना कोणी काही विचारले नाही.

मग हंगाम सुरू झाला. पुतण्याचा नियम असा की कोठीतून जे बाहेर पडेल ते आधी काट्यावर ठेवायचे आणि आकडा संगणकात जायचा. तेल भरलेले पातेले काट्यावर, रिकामे पातेले वजा, मग कढईत. बायकांनी सुरुवातीला नाके मुरडली, पण सवय झाली. दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला पडदा दाखवून म्हणे, "या घडीला घरात साखर किती आहे सांगू?" आणि खरोखरच सांगे.

दिवाळी झाली, भाऊबीज झाली आणि पुतण्या शिल्लक मोजायला बसला. साखर जुळली. तांदूळ जुळले. बेसनात दोन किलोंची तूट आली, ती पीठ उडण्यात गेली असे वहिनींनी सांगितले आणि ते सर्वांना पटले. तेलापाशी मात्र पडद्यावर लाल अक्षरे उमटली. डबे आले 40, म्हणजे तेल 600 किलो. वापर नोंदलेला 546 किलो. शेडमागे 40 रिकामे डबे रांगेने मांडलेले होते. एकही कमी नाही, एकही भरलेला नाही. म्हणजे 54 किलो तेल, जवळजवळ चार डबे, कुठेतरी गेले होते. आख्खा डबा गेला असता तर बाहेरच्या माणसाचा संशय आला असता. हे तर उघडलेल्या डब्यांतून थोडे थोडे करून गेलेले दिसत होते.

उघडलेल्या डब्यांतून तेल काढायचे काम कोण करीत असे, हे कोणीही बोलले नाही. दादा इतकेच म्हणाला, "यंत्र काही खोटं बोलत नाही." वहिनींनी त्यावर काहीच उत्तर दिले नाही. आमच्यासारख्या घरांत चोरीचा आळ तोंडाने घेत नाहीत. त्यासाठी आपल्याकडे सौम्य रीती आहेत. दुसऱ्या दिवशी वहिनी म्हणाल्या, "मावशी, कमरेला उगाच भार कशाला? किल्ली इथं खिळ्याला राहू दे." मावशींनी एकदा त्यांच्याकडे पाहिले, कमरेची किल्ली सोडली आणि हातात दिली. तुळशीचे लग्न झाले त्यानंतर त्या आल्याच नाहीत. गुडघे दुखतात, असा निरोप आला.

आणि मी? इथे खोटे लिहायचे तर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. मला ही हकीकत कळली तेव्हा माझ्याही मनात पहिला विचार आला तो मावशींच्या मुलाच्या लग्नाचा. त्या लग्नाचे कर्ज अजून फिटले नव्हते, हे मला माहीत होते. शेर मापी की वजनी, याचा काथ्याकूट करणाऱ्या माणसाने 18 वर्षांची ओळख एका लाल आकड्याला अर्ध्या मिनिटात विकून टाकली.

मार्गशीर्षातली गोष्ट. त्या रिकाम्या डब्यांतले दोन मी कढीलिंब लावायला म्हणून घरी आणले होते. रविवारी सकाळी पत्रा कापण्यासाठी डबा आडवा केला आणि चष्मा सारखा करताना त्यावरचा छाप डोळ्यांपुढे आला. मोठ्या अक्षरांत '15 लिटर' आणि त्याच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत, '13.65 किलो'.

मी कात्री खाली ठेवली. तेल पाण्यावर तरंगते, हे मी शाळेत असल्यापासून पाहत आलो होतो. पाण्याचा लिटर एक किलोचा. तेलाचा भरतो 910 ग्रॅमच्या आसपास. बाजारात 15 किलोंचेही डबे असतात आणि 15 लिटरचेही. पत्रा सारखा, आकार सारखा, तोंडाने दोन्हींना म्हणायचे 'पंधराचा डबा'. आम्ही प्रत्येक डब्यामागे 1 किलो 350 ग्रॅम असे तेल जमेस धरले होते, जे त्या डब्यात कधी नव्हतेच. मी तिथेच गुणाकार केला. 40 डब्यांचे 54 किलो. एक ग्रॅमही इकडे-तिकडे नाही. चोरीला गेलेले तेल मीच निर्माण केले होते आणि मीच ते नाहीसे केले होते. पोह्याच्या मापट्याने जो धडा मला सकाळी शिकवला, तो दुपारी जेवायच्या घाईत मी विसरलो होतो.

पुढे वाचनात आले की हीच चूक माझ्यापेक्षा कितीतरी हुशार माणसांनी केली आहे. 23 जुलै 1983 रोजी कॅनडात एका बोइंग 767 विमानात इंधन भरले गेले. विमानाला हवे होते 22,300 किलो. इंधन मोजले जाते लिटरमध्ये, म्हणून लिटरचे वजन काढताना एक गुणक वापरला, तो 1.77 हा गुणक होता पौंडांचा. किलोचा असता तर तो 0.8 असायला हवा होता. कागदावर आकडे बरोबर दिसले आणि विमान निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन उडाले. वाटेत दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकांनी ते विमान घारीसारखे तरंगत खाली आणले आणि गिमली नावाच्या गावाजवळच्या, वापरातून गेलेल्या विमानतळावर उतरवले. आतली 69 माणसे वाचली. आमची चूक त्या मानाने किरकोळ, असे दादा म्हणाला. मला तसे म्हणवेना. तिकडे सगळे उतरले होते. आमच्याकडचे एक माणूस अजून खाली आलेले नव्हते.

त्या दिवशी मी वहिनींना फोन केला. लिटर आणि किलो समजावून सांगितले. बराच वेळ पलीकडून काही आवाज आला नाही. मग त्या म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही येताय की मी एकटी जाऊ?"

आम्ही दोघे गेलो. मावशी पर्वतीच्या पायथ्याशी राहतात. त्यांनी आम्हांला बसायला खुर्ची दिली आणि चहा टाकला. वहिनींना बोलवेना, तेव्हा मीच वर्गात सांगावे तसे सगळे सांगितले: तेल हलके असते, लिटर निराळा, किलो निराळा, चूक माझी, यंत्राचीही नव्हे. मावशींनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "डब्यात साडेतेराच्या वर थोडंच निघतं, हे मला ठावं होतं. मागल्या साली दुसरे डबे यायचे, ते जड होते. हे कमरेवर घेतले तवाच हलके लागले."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" मी विचारले.

"विचारलं कुणी? किल्ली मागितली, ती दिली."

वहिनींनी त्यांचा हात धरला. मावशींनी तो सोडवून घेतला नाही आणि दाबलाही नाही. चहा उकळून उतू जायला लागला, तेव्हा त्या उठल्या.

घरी येऊन आम्ही प्रोग्रॅम दुरुस्त करायला बसलो. पण एकदा व्यवहार नोंदले गेले की तो प्रोग्रॅम जिन्नसाचे मूळ एकक बदलू देत नाही. जे झाले ते पुसता येत नाही; जुना जिन्नस बंद करून नवा उघडावा लागतो. तसा उघडला. मग 54 किलोंची तूट उलट नोंद करून काढायची होती. त्या नोंदीला कारण द्यावे लागते आणि त्यासाठी यादी येते: नासाडी, सांडलवंड, चोरी, इतर. दिवाळीनंतर तूट लिहिताना पुतण्याने यातले कोणते कारण निवडले होते, हे मी त्याला विचारले नाही. त्यानेही पडदा माझ्याकडून जरा वळवून घेतला.

तुम्ही म्हणाल, संगणकाने केले काय नुकसान, वहीच बरी होती. मला तसे वाटत नाही. वहीत ही चूक कधी उघडकीस आली नसती, कारण वहीत कोणी तेल तोललेच नव्हते. त्या यंत्राने आपले काम चोख केले. '1 बरोबर 15' असे आम्ही सांगितले, ते त्याने शेवटपर्यंत पाळले. मराठीच्या वर्गात मी मुलांना दरवर्षी बजावतो की शब्दाला शब्द ठेवला म्हणजे भाषांतर होत नाही. आधी वाक्य कशाबद्दल आहे ते पाहा. एका मापातून दुसऱ्या मापात जाणे हेही भाषांतरच आहे. डबा, मापटे, कट्टा ही सगळी अर्धी वाक्ये आहेत. त्यांचा कर्ता कोण, हे विचारल्याशिवाय गुणक लिहू नये. आणि तो विचारावा ज्याने ते डबे कमरेवर वाहिले आहेत त्याला. कोश चाळणाऱ्याला नव्हे.

यंदा गणपती झाल्यावर मावशी परत आल्या. वहिनींनी दोनदा जाऊन बोलावले, तेव्हा आल्या. या वेळी पुतण्याने संगणकापाशी त्यांच्यासाठी पाट मांडला. मापे नव्याने भरताना तो प्रत्येक जिन्नसाचे नाव घेई आणि मावशींकडे पाही. 'तांदूळ नवा' आणि 'तांदूळ जुना' असे दोन जिन्नस आता वेगळे आहेत. तेलापाशी आलो तेव्हा तो म्हणाला, "मावशी, एका डब्यात किती?"

मावशींनी लगेच उत्तर दिले नाही. त्यांनी उलट विचारले, "कंच्या डब्यात? दाखवा बघू."

पुतण्या उठला आणि डबा घेऊन आला. त्यांनी तो आधी कमरेवर घेऊन पाहिला, मग खाली ठेवून छाप माझ्याकडे वळवला. मी चष्मा लावून मोठ्याने वाचला आणि मगच पुतण्याने आकडा लिहिला.

फक्त किल्लीचे जमलेले नाही. वहिनींनी ती त्यांच्यापुढे धरली, तेव्हा त्या म्हणाल्या, "असू द्या वहिनी तिथंच, खिळ्याला." आता सकाळी सहाला त्या खिळ्यावरून किल्ली काढतात, कोठी उघडतात आणि किल्ली पुन्हा खिळ्यावर लावतात. मग कामाला लागतात. वहिनी रोज ते पाहतात. चकली यंदाही नेहमीसारखीच खुसखुशीत झाली आहे.